हसलेले अनारसे घेऊन गेलेल्या काकूंना

ती. काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं, आकाशकंदील उतरवून माळ्यावर गेला, तरी तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत. जिन्यात दोनदा भेटलात. दोन्ही वेळा घसा दाटून आला आणि "बरं आहे नं काकू?" एवढंच विचारून मी खाली उतरलो. तोंडाने जमत नाही म्हणून लिहितो. चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही काय केलंत ते तुम्ही स्वतः कुणालाच सांगणार नाही.

आईचा दिवाळीचा नेम तुम्हाला ठाऊक आहे. पहिला घाणा देवाला, दुसरा बाहेरच्यांना. दूधवाला, पोस्टमन, इस्त्रीवाला, जिना झाडणाऱ्या ताई, प्रत्येकाचा एक डबा. त्यात चिवडा, दोन करंज्या, चार अनारसे आणि सगळ्यात वर अंबिया बहाराचं एक संत्रं. विकतचं दिलेलं तिला चालत नसे. "पैसे आपण देतोच, वर्षातून एकदा हाताचं काही द्यावं," म्हणायची. डायलिसिस सुरू झाल्यावर यादी आणखी वाढली. वॉर्डातल्या मावशी सुया लागलेल्या असताना तिची वेणी घालून देत. ऑटोवाले दादा नागपूरच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत चार-चार तास बाहेर थांबत आणि थांबण्याचे पैसे कधी मागत नसत. त्यांना काय द्यायचं? ती अनारसे द्यायची.

2023 च्या अधिक श्रावणात ताईच्या नवऱ्याला 33 अनारशांचं वाण दिलं, ते तिच्या हातचे शेवटचे. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली.

2024 च्या दिवाळीत वर्ष फिरलेलं नव्हतं, घरात कढई चढवायची नव्हती. पण डबे चुकवायला मन होईना. एका घरगुती फराळवाल्यांकडे अठरा डब्यांची ऑर्डर दिली, पैसे आगाऊ भरले. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. डबे आले ते पाडव्याच्या दिवशी, दिवाळी अर्धी उलटल्यावर. चिवडा गरम असतानाच पिशवीत बांधलेला, आतून घाम सुटलेला, आणि खवट. फोन केला तर आधी "पाहतो", मग उचललाच नाही. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा कधीपर्यंत खावी ती तारीख लावायची असा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे. या डब्यांवर काहीच नव्हतं. मी न चाखता सात डबे वाटूनही टाकले होते. वॉर्डातल्या मावशींनी तो डबा घेतला, कपाळाला लावला. त्यांनी घरी जाऊन उघडला असेल तेव्हा काय वाटलं असेल, हे आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो. आईच्या नावाने मी खवट तेल वाटलं, काकू. पैसे गेले त्याचं काही नाही. पण कुणाच्या तरी वतीने द्यायच्या वस्तूत इतका निष्काळजीपणा करणाऱ्या माणसांना मी माफ केलेलं नाही.

म्हणून यंदा ठरवलं, सगळं घरी करायचं. नातेवाइकांपैकी कोण काय बोललं ते लिहीत नाही. "बर्डीवरून संत्रा बर्फीचे डबे घे अन् मोकळा हो." "अनारसे बाईमाणसालाही जमत नाहीत, तू काय करून राहिला?" मदतीला येते म्हणणाऱ्या दोघीजणी आल्याच नाहीत. चिवडा आणि करंज्या बायकोने आणि लेकीने केल्या, त्या उत्तम झाल्या. अनारसे मी माझ्याकडे घेतले. मस्कासाथच्या बाजारातून खसखस, गूळ आणला, भंडाऱ्याचा जुना तांदूळ आणला, तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवला. आईच्या वहीत पाहिलं तर अनारशांखाली एकच ओळ होती: "गूळ मावेल तेवढा." मावेल तेवढा म्हणजे किती, हे तिच्या बोटांना कळत होतं. वहीला कळत नव्हतं.

वसुबारसेची आदली रात्र. दिवसभर चिवडा करून बायको गाढ झोपली होती. साडेदहाला मी पहिले पाच अनारसे तुपात सोडले आणि ते हसले. क्षणभर जाळी पडल्यासारखं दिसलं, मग कडा सुटल्या आणि सगळं तूपभर पसरलं. पुन्हा पाच, पुन्हा तेच. पंधरा अनारसे गेले. तुपाचा रंग काळपट झाला, खसखस तळाशी जाऊन करपली, घरभर जळक्या गुळाचा वास. मी तो सगळा चुरा झाऱ्याने काढून कोपरात, म्हणजे पसरट भांड्यात, टाकला, वर वर्तमानपत्र झाकलं आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. रडलो की नाही ते सांगत नाही, तुम्ही पाहिलंच आहे.

त्या वासानेच तुम्ही खाली आलात. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, डोक्याला रुमाल, हातात चाळणी. "काहून रे, लागलं का कुठे?" हे तुमचं पहिलं वाक्य. मग पिठाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बोटं घातलीत, चिमूट चोळलीत, वास घेतलात आणि म्हणालात, "पीठ चांगलं आहे. गूळ जास्त झाला, बाकी काही नाही." बाकी काही नाही! तासभर मला वाटत होतं की आईचं सगळंच माझ्या हातून निसटलं. तुम्ही ते एका चिमटीत गुळावर आणून ठेवलंत.

वर जाऊन तुम्ही एक डबा आणलात, त्यातलं तांदळाचं पीठ माझ्या गंजात ओतलंत, पुन्हा मळायला लावलंत. तूप गाळून घ्यायला लावलंत. आणि मग स्टुलावर बसलात ते पहाटे दोन वाजेपर्यंत. झाऱ्याला हात लावला नाहीत. मी दोनदा पुढे केला, दोनदा "तू धर" म्हणालात. "खसखस वर असू दे." "उलटवू नको, वरून तूप घाल." "आच कमी कर." तुम्ही तळले असते तर तासाभरात झाले असते, आणि ते तुमचे झाले असते.

पण काकू, मला जे सांगायचं आहे ते याच्याही नंतरचं आहे. निघताना तुम्ही कोपरावरचं वर्तमानपत्र उचललंत. मला वाटलं, आता विचाराल की किती वाया घालवले. तुम्ही त्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला, नीट चावून खाल्लात. म्हणालात, "हे मला दे. दुधात कालवून चांगले लागतात." मी नको नको म्हणत होतो. तुम्ही मांडणीवरून आईचाच स्टीलचा डबा काढलात, तिचं नाव कोरलेला, आणि सगळा चुरा, अगदी तळाची करपलेली खसखससुद्धा, हाताने पुसून त्यात भरलीत. झाकण लावलंत. जिन्यात दिवा होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी जागं होतं. तुम्ही डबा पदराखाली घेतलात आणि एकेक पायरी धरत वर गेलात.

ओटा स्वच्छ झाला होता. सकाळी बायको-मुलगी उठल्या तेव्हा परातीत फक्त जाळीदार, सोनेरी अनारसे होते. ते पंधरा अनारसे मला कचऱ्यात टाकावे लागले नाहीत, कुणापासून लपवावे लागले नाहीत. अन्न वाया गेल्याचा सल राहिला नाही. आपल्या इमारतीत अशी गोष्ट सकाळच्या दुधाच्या आधी चार मजले फिरते, आणि आजपर्यंत कुणी मला अनारशांवरून एक शब्द बोललेलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगतोय.

दुसऱ्याचं बिघडलेलं झाकून नेणारी माणसं मला आता ओळखू यायला लागली आहेत. आईला एकदा वॉर्डात उलटी झाली तेव्हा त्या मावशींनी आधी तिच्या पायांवर चादर ओढली, मग फरशी पुसली. ऑटोवाले दादा तिला आधार देऊन उतरवताना नेहमी दुसरीकडे पाहत, तिचा पदर सरकलेला असे म्हणून. शिकवून येत नाही हे. अशा माणसांची नावं कुठे छापून येत नाहीत आणि त्यांना ती छापून यायलाही नको असतात. पण माझ्या आईचं शेवटचं दीड वर्ष त्यांच्यामुळे माणसासारखं गेलं, आणि तिच्या मागे घरी फराळ झालेली ही पहिली दिवाळी तुमच्यामुळे.

अठरा डबे गेले. संत्रं ठेवायला विसरलो नाही. वॉर्डातल्या मावशींच्या हातात डबा देताना गेल्या वर्षीची माफी मागितली. त्यांनी तिथेच झाकण उघडलं, अनारसा अर्धा मोडला आणि म्हणाल्या, "आजींचेच आहेत हे." मी काही बोललो नाही.

आणि भाऊबीजेला तुमची मुलगी जिन्यात भेटली. सहज बोलून गेली, "यंदा आईने अनारसेच नाही केले, पीठच नव्हतं म्हणे." म्हणजे तुम्ही माझ्या गंजात ओतलेलं ते पीठ लेकीसाठी राखलेलं होतं. सगळंच्या सगळं ओतलंत आणि रिकामा डबा माझ्यासमोर नळाखाली धुऊन घेतलात. मी तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्हाला मोजून चार अनारसे पाठवताना मला काही माहीत नव्हतं.

आईचा डबा तुम्ही परवा परत पाठवलात, कोथिंबिरीच्या सांभारवडीने भरून. वड्या संपल्या. डबा धुऊन ओट्यावर ठेवला आहे आणि तो रिकामा वर पाठवणार नाही. तोपर्यंत एक ऐका. 2026 च्या मे महिन्यात, 17 तारखेपासून, अधिक ज्येष्ठ लागतो. तुमच्या जावयाच्या वाणाचे 33 अनारसे माझ्याकडे. तांदूळ मी भिजवतो. नागपूरच्या उन्हात तो तासाभरात खडखडीत वाळेल, म्हणून आतल्या खोलीत पंखा बंद करून फडक्यावर पसरीन. गूळ घालायच्या दिवशी मात्र तुम्ही खाली या. मावेल तेवढा म्हणजे किती, ते एकदा माझ्या बोटांना दाखवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा