रक्त कुणाचे, गाठ कुणाची?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला 'रक्ताचा थेंब ठरवणार रेडिएशनचा डोस' हा लेख वाचला. रक्तातले जनुक तपासून कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशनचा, म्हणजे किरणोपचाराचा, किती डोस द्यायचा ते ठरवता येईल, असा त्याचा सूर. विषय निवडल्याबद्दल आभार. पण लेखकमहाशयांनी दोन वेगवेगळे डीएनए एकाच पातेल्यात ढवळले आहेत.

रक्ताच्या नमुन्यात दिसतात ते आईवडिलांकडून आलेले जनुक. त्यांवरून कळलेच तर निरोगी त्वचा, फुफ्फुस, आतडे किरण कितपत सोसतील एवढे कळते. गाठ दाद देईल का, हे बरेचसे गाठीत पुढे झालेल्या बदलांवर ठरते आणि त्यासाठी बायोप्सीचा तुकडाच लागतो. टॉन्सिलच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असेल तर गाठ किरणांपुढे लवकर नमते. फुफ्फुसाच्या गाठीत कीप-१ जनुक बिघडलेला असेल तर ती चिवट निघते. (गाठीचा थोडा डीएनए रक्तात तरंगतो, हे मान्य. पण लेखात त्याचा उल्लेखच नाही.)

खरा संताप एटीएम नावाच्या जनुकावरच्या परिच्छेदाचा. 'या जनुकात दोष असल्यास रेडिएशन टाळावे' हे वाक्य छापताना जनुकाच्या दोनपैकी (एक आईकडची, एक वडिलांकडची) किती प्रती सदोष आहेत, हे मोजायला नको का? १ ग्रे (किरणांच्या डोसाचे एकक) डोसला एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे साधारण ४० ठिकाणी तुटतात. एटीएमचे प्रथिन ही मोडतोड हेरून पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्तीला हाक देते. दोन्ही प्रती निकामी असलेल्या, म्हणजे अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा आनुवंशिक आजार झालेल्या मुलाला नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. एकच प्रत सदोष असलेली माणसे मात्र शंभरात सुमारे एक निघतात आणि त्यांतली बहुतेक नेहमीचे उपचार सोसतात. तुमच्या त्या एका वाक्यामुळे यांतल्या कुणी उपचार नाकारले तर गाठ काही थांबून राहणार नाही.

टीजीएफ-बीटा या दुसऱ्या जनुकाचे गुणगान तर हद्दच आहे. त्यातला बदल आणि किरणांनंतर ऊती कडक होणे यांचा संबंध आधीच्या लहान अभ्यासांत दिसला होता. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये स्तन व प्रोस्टेटच्या १,६१३ कर्करुग्णांवर जनुकांतले असे ९२ बदल ताडून पाहिले, त्यांत जुना एकही दावा टिकला नाही. एकेका बदलाचा परिणाम इवलासा आणि किती भागाला किती डोस बसला, आधी शस्त्रक्रिया झाली का, मधुमेह आहे का, या गोष्टी त्याला सहज झाकून टाकतात. २०१२ मध्येच निकालात निघालेली गोष्ट 'ताजे संशोधन' म्हणून वाढायची, तर निदान तारीख तरी पुसू नका.

आणि जाता जाता: चौकटीत '५० ग्रॅम रेडिएशन' छापले आहे. ते ग्रे. १ किलो ऊतीत १ ज्यूल ऊर्जा शोषली गेली की १ ग्रे. ग्रॅमवर किराणा मिळतो. शेजारचे छायाचित्रही रेडिएशनच्या यंत्राचे नसून एमआरआयचे आहे, ज्यातून असे किरण निघतच नाहीत.

आपला,
एक वाचक