जनावरांच्या दवाखान्यातल्या दादांना, मनापासून

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या आम्हा कुत्री पाळणाऱ्यांकडून हे जाहीर आभार. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं दादा.

अंगावर धावून जाणारं कुत्रं आलं की तुम्ही आधी डॉक्टरांकडून त्याचे कान, सांधे, दुखणं-खुपणं तपासून घेता. मग कुत्र्याकडे नाही, मालकाच्या हाताकडे बघता. तळव्याला दोन वेढे मारून आवळलेली लीश (कुत्र्याला धरायची दोरी) हळूच सोडवता आणि म्हणता, "आधी तुम्ही श्वास सोडा." टोमणा नाही, उपदेश नाही. बावरलेल्या माणसाला चारचौघांत लाज वाटू न देणं, ही माणुसकी फी भरून मिळत नाही हो.

बिघडतं ते त्या मुठीतच. समोरचं कुत्रं मालकाला दिसतं, छातीत धस्स होतं, मूठ आवळते, गळ्याला ओढ बसते. दुसरं कुत्रं दिसलं की गळा आवळतो, एवढंच आपलं कुत्रं शिकतं. स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या केसांतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं, तेव्हा दोघांचा दीर्घकाळचा ताण बरोबरीने चढता-उतरता दिसला.

तुमच्याआधी ज्यांनी पैसे घेतले, त्यांनी चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, दिली आणि "धाक बसवा" म्हणाले. धाकाने गुरगुरणं थांबतं, भीती तशीच राहते. आणि इशारा दाबलेलं कुत्रं मग न सांगता चावतं. त्या सल्ल्याचा आमचा राग अजून जात नाही.

तुमची रीत आता आमच्या गल्लीत पाठ आहे. सहा फुटी लीश, कडी खाली लोंबेल इतकी सैल. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, मीठ-मसाल्याविना. दुसरं कुत्रं आधी दिसू द्यायचं, मग तुकडा. उलटं केलं तर पिशवीत हात गेला की ते सावध होतं. तुकडा नाकारला म्हणजे आपण फार जवळ आलो, मुकाट्याने मागं फिरायचं. कंबर तलावाच्या गर्दीत सुरुवात तर नकोच.

जानेवारीत गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचं, शोभेचं दारूकाम असेल त्या रात्री खिडक्या लावून, पंखा मोठा करून आम्ही कुत्र्यांपाशी बसू. जवळ घेतल्याने भीती लाडावत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

आपले ऋणी,
विजापूर रोडचे श्वानपालक