क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) ताईंना, उशिरा लिहिलेलं पत्र

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर आभार लिहिले असते तर एक अंगठा आला असता आणि विषय संपला असता. समोर येऊन बोलले असते तर "बरं बरं, चहा घेतलास का?" म्हणून तुम्ही उठून गेला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे, म्हणजे पळायला वाट नाही. दुसरं कारण असं की आमच्या वाळपईकडच्या तीन-चार मुली बी.एस्सी. होऊन घरी बसल्या आहेत आणि मला विचारतात, "अप्रेंटिसशिपमध्ये खरंच काही शिकवतात का गं? की नुसतं राबवून घेतात?" हे पत्र त्यांनाही वाचायला देणार आहे. दोन्ही होतं, हे त्यांना आधीच सांगून टाकलंय.

माझ्या घरचं तुम्हाला ठाऊक आहे. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या, २०१८ला पुन्हा बंद. ट्रकवर अंगणात शेवाळ चढलं. तेव्हापासून आमच्याकडे नोकरी म्हणजे सरकारी, बाकी सगळा वेळेचा खेळ. दीड वर्ष मी जाहिरातींचे फॉर्म भरले. शेवटी कंटाळून अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव घातलं आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत फळप्रक्रियेच्या कारखान्यात वर्षभराचा करार झाला. पदवीधर अप्रेंटिस, विद्यावेतन महिना ९,००० रुपये. वर्ष संपल्यावर नोकरी मिळेल असं करारात कुठेच नव्हतं. बाबा म्हणाले, "कदंबा बसचे पैसे सुटले तरी पुष्कळ." वाळपईहून फोंडा, फोंड्याहून कुंडई, दोन बसगाड्या जायला आणि दोन यायला.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातातल्या पदवीच्या फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाळाकडे पाहिलंत. "टिकली काढ." कपडे बदलायच्या खोलीत हात धुण्याच्या नळावर आरसा होता, त्याच्या कडेला टिकल्याच टिकल्या. काळ्या, मरून, खड्याच्या, एक सापाच्या आकाराची. दर सकाळी बायका कपाळावरची काढून तिथे डकवायच्या आणि सुटताना आपापली ओळखून लावायच्या. मला तेव्हा ते अपमानास्पद वाटलं होतं, आता सांगायला हरकत नाही. दुपारी तुम्ही सिरपच्या चाळणीत सापडलेल्या जुन्या वस्तूंचा डबा उघडून दाखवलात: रबरबँड, बांगडीचा तुकडा, नखाला लावायचं लाल पॉलिश पापुद्र्यासारखं, आणि टिकली. "ही कोणाच्या तरी ग्लासात जाणार होती," एवढंच बोललात. अन्नसुरक्षेवर नंतर दोन प्रशिक्षणं घेतली, स्लाइड पाहिल्या, परीक्षा दिल्या. डोक्यात राहिला तो डबा.

मग ते टायट्रेशन. आठवतं? मे महिना, कोकमाचा हंगाम, काणकोण आणि सत्तरीतून भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, पाट्या येत होत्या, सगळ्या कारखान्याला आंबूस वास. मला वाटलं, हे तर आपलं. आमची आई दरवर्षी आगळ घालते, सोलं वाळवते, आणि मी केमिस्ट्रीत पहिल्या वर्गात. तुम्ही म्हणालात, रसाची आम्लता काढ. मी थाटात ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या काचनळीत, कॉस्टिक सोडा भरला, कोकमाच्या रसात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक, टाकलं आणि गुलाबी रंग यायची वाट पाहत बसले. रस आधीच लाल! कॉस्टिक सोडत गेले तसा तो जांभळा झाला, मग निळसर, मग गढूळ हिरवट. गुलाबी काही येईना. मी अजून सोडते आहे, अजून सोडते आहे. तुम्ही मागे कधी येऊन उभ्या राहिलात कळलं नाही.

"कॉलेजात लिंबू केलं होतंस ना?"

"हो."

"हे लिंबू नाही गो."

सावंतवाडीचं ते "गो" तुमच्या तोंडून वर्षात चार-पाच वेळाच ऐकलं, पण दर वेळी मागून काहीतरी शिकायला मिळालं. कोकमाचा रंग हा स्वतःच एक दर्शक आहे, आम्लात लाल, अल्कलीकडे जाताना निळा, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक असून हाताला ते माहीत नव्हतं. आम्लता मोजणारं पीएच मीटर पुढे ओढून तुम्ही सांगितलंत, आधी बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण, लावून मीटर खरं बोलतोय का बघ, मग ८.२ आला की थांब. रंगाच्या भानगडीत पडू नकोस. गरम सिरपचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, घेतल्याबद्दल त्याच आठवड्यात जी बोलणी खाल्ली ती इथे लिहीत नाही. त्या यंत्राचे आकडे २० अंश तापमानाला धरून बसवलेले असतात, हे आता झोपेतही सांगेन.

जून-जुलैत मला उत्पादनाच्या साहेबांनी लेबलं चिकटवायला बसवलं. हंगाम होता, माणसं कमी होती, आणि अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातले दोन हात. सतरा दिवस मी फक्त बाटल्यांना कागद लावले. घरी सांगायची लाज वाटायची. अठराव्या दिवशी तुम्ही माझी रोजची डायरी मागितलीत, सतरा पानांवर "लेबलिंग" लिहिलेलं वाचलंत आणि ती तशीच उघडी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलात. आत काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही डायरी माझ्या हातात देऊन म्हणालात, "रोज लिहीत होतीस म्हणून बोलता आलं." लिहिण्याचा पहिला उपयोग मला तिथे कळला, पण तेव्हा वाटलं हे तेवढ्यापुरतंच.

आता मुख्य गोष्टीकडे येते. हिच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं आणि हिच्यासाठीच इतके दिवस लिहिलं नाही.

२०० किलोचा अमृत कोकमचा घाणा. सोडियम बेंझोएट १४० ग्रॅम. फळीवर दोन सारखे पांढरे डबे, एकात बेंझोएट, दुसऱ्यात केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), दोन्ही माल टिकवायच्या पावडरी. केएमएस लिंबाच्या आणि आंब्याच्या मालाला चालतं. कोकमाला नाही, कारण त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड लाल रंगच उडवतो. हेही मला पाठ होतं, आठवड्यापूर्वीच तुमच्या पुढ्यात घडाघडा म्हटलं होतं. मगमधल्या सिरपात पावडर विरघळवताना नाकात काडेपेटी ओढल्यासारखा वास गेला, ठसका लागला. तरी मी ढवळलं, ओतलं, आणि नोंदवहीत सुंदर अक्षरात लिहिलं: सोडियम बेंझोएट, १४० ग्रॅम. कारण मी बेंझोएटच घातलं होतं ना!

थोड्या वेळाने केटलचं, सिरपच्या मोठ्या भांड्याचं, झाकण उघडलं तर आतलं सिरप धुऊन धुऊन विटलेल्या ओढणीसारखं. माझे पाय लटपटले. साडेचार वाजले होते, सव्वापाचची बस. खरं सांगते, ताई, तुम्ही येईपर्यंतच्या पंधरा मिनिटांत मी काय काय ठरवलं: फळच कोवळं होतं म्हणू. रस जास्त तापला म्हणू. नोंद तर बरोबर आहे, कोण शोधणार?

तुम्ही आलात, केटलमध्ये पाहिलंत, मग वास घेतलात. ओरडला नाहीत. नोंदवही माझ्यापुढे सरकवलीत.

"काय घातलंस ते लिही. काय घालायला हवं होतं ते मला नको, ते माझ्या पाठ आहे."

मी पेनाने गिरवून खोडायला गेले तर हात धरलात. "एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही, सही कर, तारीख, वेळ." मी लिहिलं: केएमएस, १४० ग्रॅम. अक्षर कसं आलं होतं ते त्या पानावर अजून असेल.

दुसऱ्या दिवशीचा गोंधळ तुम्हाला माझ्याहून जास्त आठवत असेल. साखरच शंभर किलोंच्या वर गेली होती. कोणीतरी सुचवलं, हे थोडं थोडं पुढच्या घाण्यांत मिसळून टाका, कळणारही नाही. तुम्ही शांतपणे हिशेब मांडलात. लेबलवर आपण २११, म्हणजे बेंझोएटचा क्रमांक, छापलंय, आत आता २२४, म्हणजे केएमएस, आहे. केएमएस हे सल्फाइट, आणि सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलं तर लेबलवर सांगावं लागतं, कारण दम्याच्या माणसाला त्याने त्रास होऊ शकतो. आणि इथे तर ते त्याच्या कितीतरी पट आहे. केटलला लाल पट्टी लागली. माल सांडपाण्याच्या प्लांटमध्ये सोडायचा तर तोही एकदम नाही, एवढी साखर गेली तर तिथले जिवाणू मरगळतात. चार दिवस बादली-बादलीने मी माझी चूक ओतत होते.

पण माझे आभार त्या चार दिवसांच्या आधीच्या कागदाबद्दल आहेत. चुकीबद्दलच्या अहवालात "कारण" असा रकाना असतो. तिथे माझं नाव येणार हे मी धरून चालले होते. अप्रेंटिसचं नाव लिहिणं सगळ्यांत सोपं, ती वर्षाने जाणारच. तुम्ही लिहिलंत: "दोन्ही पावडरी एकाच फळीवर, सारख्या डब्यांत. वजन करताना दुसऱ्या व्यक्तीची पडताळणी नाही." आणि जबाबदारीच्या खाली तुमचं पद, तुमची सही. माझं नाव होतं, पण फक्त "नोंद स्वतः दुरुस्त केली" या ओळीत.

तो कागद मी चोरून पाहिला होता. आज कबूल करते.

दोन दिवसांनी केएमएसचा डबा कुलपाच्या कपाटात गेला, झाकणावर पिवळी टेप, आणि वजनाच्या वहीत दुसऱ्या सहीचा रकाना आला. तुम्ही मात्र आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोललात. गणेशचवथीला सुट्टीचा एक दिवस जास्त मागितला तोही दिला नाहीत. तो राग अजून आहे, आभारांत तो वजा करून घ्यावा.

तुमच्या आणखी एका गोष्टीचं मला तेव्हा नवल वाटायचं. आपल्याकडे रिटॉर्ट, म्हणजे डबे दाबाखाली तापवायचं यंत्र, नव्हता, डबाबंद माल नव्हता, तरी पावसाळ्यात काम मंदावलं की तुम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकृत्या काढून मला ते शिकवायचात. पीएच ४.६ ही रेघ. तिच्या खाली बोटुलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचा बीजाणू रुजत नाही, म्हणून आपलं कोकम नुसत्या उकळीवर निभावतं. तिच्या वर बांगड्याचा डबा, त्याला १२१ अंश, दाबाखाली, डब्याच्या अगदी मधल्या थंड बिंदूपर्यंत. मी विचारलं, हे आपल्याला कशाला? तुम्ही म्हणालात, "आपल्याला नाही. तुला." नव्या नोकरीच्या मुलाखतीत मला हेच विचारलं, ताई. पुठ्ठा डोळ्यांपुढे होता.

आता मी मडगावला खोली घेऊन राहते, रोज मासळीच्या कारखान्यात जाते. टिकली लावायचीच सोडली. इथे बांगड्यात हिस्टामिन, खाणाऱ्याला बाधणारं रसायन, बघावं लागतं. मासळी बर्फाबाहेर तापली की ते तयार होतं, आणि एकदा झालं की शिजवा, गोठवा, डब्यात घाला, जात नाही. चवीला कळेल असंही नाही. नमुने तपासतो, पण प्रत्येक मासा काही तपासता येत नाही. त्यामुळे धक्क्यावरून गाडी कधी निघाली, बर्फ किती होता, दर तासाला तापमान काय, या वहीवरच सगळी भिस्त. परवा एका नव्या मुलाने चार तासांचं तापमान एका दमात, एकाच शाईत, सगळं दोन अंश असं भरून आणलं. मी त्याच्यापुढे वही सरकवली. तुमच्याइतकं शांत राहता आलं नाही, थोडी ओरडले. पण रेघ एकच मारायला लावली.

बाबांनी ट्रक विकला. जागा रिकामी झाली तिथे आईने भिरंडाचं रोप लावलंय. फळ धरायला काही वर्षं जातील, तोपर्यंत शेजारच्यांच्या झाडावर भागतंय. यंदाच्या आगळाची एक बाटली सावंतवाडीच्या बसने तुमच्या घरी पाठवली आहे, ड्रायव्हरकडून घ्यावी. रस आणि मीठ, बाकी काही नाही, पीएच मी स्वतः घेतला आहे. लेबलवर तारीख आधी चुकीची लिहिली गेली. खालची वाचता येईल, शेजारी खरी घातली आहे आणि सही केली आहे.

तुमची,
टायट्रेशनवाली