वेस्ट हायलँड वेची वाट दाखवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. पहिल्यांदाच एकटीने लांबच्या वाटेवर निघू पाहणाऱ्या कुणाच्या तरी ते उपयोगीही पडेल.

स्कॉटलंडमधल्या केप रॅथ ट्रेलचं नाव घेऊन मी तुमच्या घरी आले, सोबत पेनाइन वे आणि वेस्ट हायलँड वे या आणखी दोन लांब पायवाटाही मनात होत्या. तुम्ही कशालाच नाही म्हणाला नाहीत. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ठिकठिकाणी बोट ठेवत एवढंच विचारत राहिलात, "इथे पाय मुरगळला तर घरी कशी येशील?" केप रॅथच्या वाटेवर पाट्या नाहीत, नद्यांवर सगळीकडे पूल नाहीत, वस्ती विरळ. पेनाइन वे ४३१ किलोमीटर, तेवढी सलग रजा मला मिळणार नव्हती. वेस्ट हायलँड वे मात्र ग्लासगोजवळच्या मलगायपासून फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर. १९८० पासूनची रुळलेली वाट, खांबाखांबावर काटेरी फुलाची खूण, आणि क्रिअनलारिक, टिंड्रम, ब्रिज ऑफ ऑर्की ही रेल्वे स्टेशनं हाकेच्या अंतरावर. पहिली वाट मध्येच सोडता येईल अशी निवडावी, हा तुमचा एक निकष मला बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

तरीही तुम्ही लगेच बुकिंग करू दिलं नाहीत. "एक दिवस कुणीही चालतं गं, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते बघ," म्हणालात आणि भरलेली सॅक घेऊन मला लागोपाठ दोन दिवस एडिनबराजवळच्या पेंटलंडच्या टेकड्यांवर पाठवलंत. बूट टाचेला कुठे लागतो ते घराजवळच कळलं. जड सामान गाडीने पुढे पाठवायचं की नाही यावर मी अडून बसले होते, तर तुम्ही म्हणालात, वारीत दिंडीचं सामान ट्रकमधूनच जातं, म्हणून कुणी वारी कमी मानतं का? तिथे माझा प्रश्नच संपला.

वाटेतल्या लॉख लोमंड तलावाच्या पूर्व काठाबद्दल तुम्ही सांगितलं नसतं तर माझं काही खरं नव्हतं. रोवरडेननच्या पुढचा तो पट्टा नकाशावर सपाट, पाण्याला लागून दिसतो. प्रत्यक्षात ओल्या मुळ्या आणि दगडांमधून वाट काढावी लागते. इनव्हरस्नेडच्या पुढे तर काठ्या सॅकला बांधून दोन्ही हातांनी धरत उतरावं लागलं, आणि तासाला दोन किलोमीटरही सरेनात. तुम्ही मुक्काम मुद्दाम इनव्हरस्नेडला ठेवायला लावला होतात, म्हणून तो कठीण भाग दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी, भरपूर उजेडात झाला. रॅनक मूर या उघड्या माळरानाचंही तसंच. किंग्सहाउस हॉटेल येईपर्यंत आडोसा नाही, तेव्हा आदल्या रात्री हवामान बघून सकाळी लवकर निघायचं. मे महिनाही तुम्हीच सुचवलात: दिवस मोठे, आणि चिलटांचा उन्हाळी हैदोस अजून सुरू व्हायचा असतो.

पण सगळ्यात जास्त आभार आईच्या फोनबद्दल. 'डेव्हिल्स स्टेअरकेस' हे नाव ऐकूनच तिचा धीर सुटला होता. तुम्ही तिला शांतपणे सांगितलंत की हा वाटेवरचा सर्वांत उंच भाग खरा, पण उंची साधारण ५५० मीटर आणि चढ नागमोडी, पायवाटेचा. रोजचे मुक्काम तिला लिहून दिलेत, आणि संध्याकाळी माझा 'पोचले' असा मेसेज आला नाही तर कुणी कुणाला फोन करायचा तेही ठरवलंत. "एकटी कशाला?" हा तिचा प्रश्न त्यानंतर थांबला. मी कितीही समजावलं असतं तरी ते मला जमलं नसतं.

फोर्ट विल्यमहून पुढे इनव्हर्नेसपर्यंत ग्रेट ग्लेन वे जाते, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रविवारी नकाशा घेऊन येते. या वेळी पाय मुरगळण्याच्या जागा मी आधी शोधून ठेवते, तुम्ही फक्त तपासा. आईने पाठवलेलं मेतकूटही आणते.

तुमची,
एडिनबरातली भाची