गुडघा बदलताना वाटीच्या हालचालीची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोबोटच्या साहाय्याने गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती अलीकडे ठिकठिकाणी दिसतात आणि त्यांत मिलिमीटरपर्यंतच्या अचूकतेचा उल्लेख हमखास असतो. गेली १८ वर्षे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून अशा रुग्णांकडून व्यायाम करून घेत आहे. ही अचूकता बहुतेक यंत्रणांमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडापुरतीच असते आणि गुडघ्याची वाटी मोजमापातून सुटते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

गुडघा वाकतो तेव्हा वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खोबणीतून सरकते. जिना चढताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो, उकिडवे बसताना त्याहून बराच अधिक. मांडीच्या हाडावर बसवलेला धातूचा भाग काही अंश आतल्या बाजूला वळला, नडगीवरचा भाग तसाच वळला, किंवा वाटीमागे प्लास्टिकची चकती बसवल्यावर तिची जाडी मूळच्यापेक्षा वाढली, तर वाटी खोबणीच्या बाहेरच्या कडेकडे ओढली जाऊ शकते. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये सांधा व्यवस्थित दिसतो, पण रुग्णाला खुर्चीतून उठताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. अशाच एका बाईंना व्यायाम कमी पडतो असे वर्षभर सांगितले गेले आणि शेवटी सीटी स्कॅनमध्ये धातूचा भाग वळलेला आढळला. त्यांना तसे सांगणाऱ्यांत मीही होते, याचे मला आजही वाईट वाटते.

शस्त्रक्रिया करताना वाटीकडे कोणी पाहतच नाही, असे माझे म्हणणे नाही. तात्पुरते भाग बसवल्यावर सर्जन वाटीला अंगठ्याचा आधार न देता गुडघा वाकवतात आणि ती आपोआप खोबणीत राहते का, हे पाहतात. ही चाचणी साधी आणि उपयुक्त असली तरी ती नजरेच्या अंदाजावर चालते. त्यातच रक्तस्राव रोखण्यासाठी मांडीवर बांधलेला टुर्निकेटचा पट्टा फुगवलेला असेल, तर स्नायू जखडून वाटी प्रत्यक्षापेक्षा जास्त बाहेर सरकल्यासारखी दिसू शकते, आणि त्या समजुतीने बाहेरच्या बाजूच्या ऊती कापून सैल केल्या तर वाटीला रक्त पुरवणाऱ्या धमनीला इजा होण्याचा धोका असतो.

इटलीत बोलोन्या येथील रिझोली संस्थेच्या संशोधकांनी संगणकाच्या मार्गदर्शनाने होणाऱ्या शस्त्रक्रियेत वाटीवरही छोटा ट्रॅकर बसवून ती किती अंश कलते, किती फिरते आणि किती मिलिमीटर बाजूला सरकते, हे टेबलावरच मोजता येते असे दाखवले आहे. हाडे कापण्याआधी एकदा आणि नवे भाग बसवल्यावर पुन्हा मोजले, की तुलना त्या रुग्णाच्या स्वतःच्याच गुडघ्याशी होते, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. भूल दिलेल्या रुग्णाचे स्नायू स्वतःहून काम करत नाहीत, त्यामुळे या मोजमापालाही मर्यादा आहे. तरीही केवळ आठवणीत राहणाऱ्या अंदाजापेक्षा कागदावरचा आकडा केव्हाही बरा.

प्रत्येक रुग्णालयाला ही यंत्रणा परवडणार नाही, हे मी जाणते. परंतु वाटीची जाडी आधी आणि नंतर कॅलिपरने मोजणे, चकती बसवली की नाही हे लिहिणे, अंगठ्याविना केलेल्या चाचणीत वाटी कशी सरकली, त्या वेळी टुर्निकेट सैल होते का आणि बाहेरची बाजू सैल करावी लागली का, एवढे नमूद करणे यासाठी नवा खर्च नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हापासून नातेवाईक सांध्याच्या भागांच्या किमती बारकाईने पाहतात. वाटीबद्दल मात्र माझ्याकडे येणाऱ्या डिस्चार्ज कार्डांवर बहुधा एक ओळही नसते. महाराष्ट्र ऑर्थोपेडिक असोसिएशनने या नोंदीचा एक छोटा नमुना तयार करून सभासदांना द्यावा, अशी माझी विनंती आहे. असा कागद हाती आला, तर दुखणाऱ्या गुडघ्याचा व्यायाम वाढवायचा की रुग्णाला पुन्हा सर्जनकडे पाठवायचे, हे मला वर्षभर वाट न पाहता पहिल्या काही आठवड्यांतच ठरवता येईल.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा