त्या मोकळ्या भिंतीबद्दल आभार, मॅडम

मॅडम, सप्रेम नमस्कार.

डच चित्रकार व्हर्मीरच्या 'खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुली'वरचा माझा लेख तुम्ही वाचला होता. तिच्या मागच्या मोकळ्या भिंतीवर मी तीन पानं खर्ची घातली होती. एकटेपणा काय, मौन काय! जुन्या पुस्तकातला फोटो समोर ठेवून लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. तुम्ही समासात पेन्सिलीनं एवढंच विचारलंत, 'भिंत कोणी रंगवली?'

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला?

मग तुम्ही, हे चित्र जिथे आहे त्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयातली हकिकत सांगितलीत. भिंतीखाली मदनाचं चित्र आहे हे 1979 मध्येच क्ष-किरणांनी दाखवलं होतं. पण ते व्हर्मीरनंच बुजवलं असणार, असं धरून सगळे चालले. 2017 मध्ये सफाईचं काम सुरू झालं आणि शंका आली. कणभर रंगाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तळाशी मदन, त्यावर व्हार्निश, त्यावर मळ आणि मळावर भिंत! तुम्ही माझ्या वहीत एकाखाली एक चार रेघा ओढल्यात आणि मळाच्या रेघेवर पेन्सिल टेकवून थांबलात. एवढा मळ साचायला वर्षं जातात. व्हर्मीर वारला 1675 मध्ये. भिंत त्यानंतर काही दशकांनी आलेली, परक्या हातची. पुढे तो थर स्कालपेलनं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या बारीक सुरीनं, कणाकणानं खरवडला आणि 2021 मध्ये मुखवटे तुडवणारा मदन लोकांसमोर आला. मुलीच्या हातातलं पत्र प्रेमाचंच, हे आता वेगळं सांगायला नको.

मी तरीही वाद घातला. इतकी वर्षं लोकांनी पाहिलेली भिंत, ती खरवडायचा हक्क कोणाला? तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत, हे विशेष. उलट रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राचं उदाहरण दिलंत. 1715 मध्ये कापलेल्या त्याच्या कडा 2021 मध्ये जुन्या नकलेवरून संगणकानं घडवल्या, पण मूळ कॅनव्हासला न जोडता नुसत्या भोवती लावल्या. अंदाज चुकला तर काढता येतो. खरवडलेला रंग मात्र परत येत नाही, हे तुम्हीच कबूल केलंत.

ती तीन पानं मी फाडली नाहीत. त्यांना 'भिंत होती तेव्हा' असं शीर्षक दिलंय आणि पुढे मदनावर नवीन लिहिलंय. आणून देतो. पेन्सिल तयार ठेवा.

तुमचा विद्यार्थी