आदेश दुसऱ्यांदा मोडला तरी शिक्षा पहिल्याइतकीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या भाचीकडे न्यायालयाचा एक कागद आहे. आधी ती तो घडी करून पोलक्यात ठेवायची. घामाने घड्यांवरची अक्षरे उडायला लागली तेव्हा तालुक्याला जाऊन लॅमिनेशन करून आणला. आता वावरात जाताना तो भाकरीच्या पिशवीत असतो. नवऱ्याने तिच्या माहेरच्या घराजवळ आणि कामाच्या ठिकाणी फिरकायचे नाही, फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही, तिला किंवा लेकरांना हात लावायचा नाही, असे त्यावर लिहिले आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 18 खालचा हा अंतरिम संरक्षण आदेश. घरात आम्ही त्याला नुसता ‘कागद’ म्हणतो.

गेल्या दीड वर्षात तिच्या नवऱ्याने तो पाचदा मोडला.

पहिल्यांदा आठवडी बाजारात. भाजीच्या दुकानासमोर चारचौघांत शिव्या दिल्या आणि पिशवी हिसकली. मग लेकीच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. मग फोन, एका रात्रीत किती ते तिने मोजले नाहीत. चौथी वेळ मी विसरू शकत नाही, कारण त्या दिवशी मी तिच्या घरीच होते. ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. तो दारू पिऊन मोटारसायकलवर आला, गाडी धुऱ्यावर लावली आणि पऱ्हाटीच्या ओळीत शिरला. सोबतच्या बायांनी आरडाओरड केली, एकीने विळा उगारला, म्हणून तो मागे सरला. भाची घरी आली तेव्हा ओटीतला कापूस तसाच होता आणि दोन्ही दंडांवर वळ होते. मला म्हणाली, “मावशी, तो म्हणे कागद दाखव, मी वाचतो. दाखवला तं थुंकला त्याच्यावर.” पाचवी वेळ पोळ्याच्या रात्रीची. तेव्हा दार लावलेले होते.

पाचपैकी चार वेळा ती पोलीस ठाण्यात गेली. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली ती दोनदा. एकदा त्याला बोलावून ‘समज देऊन’ सोडले. गुन्हा दाखल झाला तो फक्त वावरातल्या प्रसंगानंतर, तेही आम्ही सातजणी मिळून गेलो म्हणून. तिथे बसलेल्या एकाने तिला सांगितले, “बाई, कागद हाये ना तुमच्याजवळ, मंग कायले घाबरता?” तिला उत्तर सुचले नाही. मलाही त्या वेळी सुचले नाही. मी 31 वर्षे शिक्षिका होते, पोरांना उलट प्रश्न विचारायला शिकवले, आणि तिथे गप्प उभी राहिले. आज हे पत्र लिहिते आहे ते त्यामुळेच.

कायदा याबद्दल काय म्हणतो ते एका वकिलाकडून समजून घेतले, मग स्वतः वाचले. संरक्षण आदेश मोडणे हा कलम 31 नुसार गुन्हा आहे. कलम 32 सांगते की तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि एकट्या पीडितेच्या साक्षीवरही न्यायालय गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकते. म्हणजे त्या दोन एनसी मुळातच चूक होत्या. दखलपात्र गुन्ह्याची एनसी होत नसते.

पण पुढे वाचल्यावर मी थबकले. शिक्षा आहे एक वर्षापर्यंत कैद, किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘पर्यंत’ म्हणजे कमीत कमी किती हे ठरलेलेच नाही. नुसता दंड भरूनही माणूस सुटू शकतो. आणि दुसऱ्यांदा मोडला तर? तिसऱ्यांदा? त्याबद्दल कलमात एक शब्द नाही. पाचव्या वेळेचा गुन्हा पहिल्या वेळेइतकाच.

आता चोरीचे बघा. विहिरीवरचा मोटारपंप चोरीला जाणे आमच्याकडे नवे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षे सक्तमजुरी आहे. बाईचा पाठलाग करण्याचेही तसेच आहे. कलम 78 मध्ये पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे वारंवार गुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा हवी हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्य आहे. पंप दुसऱ्यांदा चोरणाऱ्यासाठी मान्य आहे, अनोळखी बाईच्या मागे दुसऱ्यांदा लागणाऱ्यासाठी मान्य आहे. न्यायाधीशाने सही करून ‘तिच्याजवळ जाऊ नकोस’ असे ज्याला बजावले आणि तरी जो पुन्हा गेला, त्याच्यासाठी मात्र नाही. का, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

दंडाचा हिशेब मी कापसात करून पाहिला, आमच्याकडे सगळे हिशेब त्यातच होतात. 2005-06 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 1,980 रुपये होता. तेव्हा 20,000 म्हणजे दहा क्विंटल कापूस, लहान शेतकऱ्याचे निम्मे-अर्धे पीक. माणूस विचार करील अशी रक्कम. 2025-26 चा हमीभाव 8,110 आहे. आज तोच दंड अडीच क्विंटलांत भागतो. आणि हा जास्तीत जास्त दंड आहे, न्यायालय त्याहून कमीही लावू शकते.

शिक्षा कमी असल्याचा परिणाम निकाल लागेपर्यंत थांबत नाही, तो पहिल्याच दिवशी दिसतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा अटक न करता नोटीस देतात. पूर्वी कलम 41-अ ची नोटीस म्हणत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 35 आहे. भाचीच्या नवऱ्यालाही नोटीसच मिळाली. ती घेऊन तो गावभर फिरला, जणू निर्दोष सुटल्याचा दाखला. पण त्याच कलमात लिहिले आहे की आरोपी आणखी गुन्हा करू नये म्हणून अटक गरजेची असेल तर पोलिसांनी कारण नोंदवून ती करावी. चार वेळा आदेश मोडलेला माणूस पाचव्यांदा मोडेल, हे ओळखायला वेगळा पुरावा कशाला हवा? पण पहिल्या चार वेळा नीट नोंदवल्याच नसतील तर कागदोपत्री तो पहिल्यांदाच गुन्हा करणारा ठरतो. खरी मेख इथे आहे. शिक्षा कितीही वाढवली तरी एनसीवर भागवले तर ‘दुसरी वेळ’ कधी येणारच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या पाहिजेत. कलम 31 मध्ये दुरुस्ती व्हावी. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास नुसत्या दंडावर सुटका नको, कैद किमान काही महिन्यांची असावी आणि कमाल मर्यादा तीन वर्षांच्या पुढे जावी. हत्यार घेऊन किंवा लेकरांसमोर आदेश मोडला तर आणखी. आणि संरक्षण आदेशाची प्रत कलम 24 प्रमाणे ठाण्यात विनामूल्य पोहोचतेच, तर तिच्यासाठी एक स्वतंत्र नोंदवही असावी. बाई 112 ला फोन करते तेव्हा समोरच्याला तिच्या नावावर आदेश आहे आणि तो याआधी कितीदा मोडला गेला, हे लगेच दिसले पाहिजे. जामीन देताना न्यायालय आरोपीला दारू पिण्यास मनाई करू शकते, अशी सोय याच कायद्याच्या 2006 च्या नियमांत आहे. ही अट आमच्या भागात किती उपयोगाची आहे ते दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे पाहिलेल्यांना सांगायला नको. भाचीच्या वकिलांनी ती मागितली. याआधी कुणी मागितल्याचे त्यांना आठवत नव्हते.

खोट्या तक्रारींचे काय, असे लोक विचारतील. शेजारचे एक काका मला विचारून गेलेच. प्रश्न चुकीचा नाही, पण तो इथे लागू होत नाही. तक्रार खरी की खोटी हे न्यायालय पाहते, आदेशाविरुद्ध अपील करता येते, परिस्थिती बदलली तर आदेश बदलून मागता येतो. हे सगळे मार्ग असताना माणूस मोटारसायकल काढून वावरात जातो. शिक्षा त्या जाण्याची आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण तो भाचीचाच आहे. ती म्हणते, “मावशी, त्याले जेलात टाकून मले काय भेटते? लेकरं उद्या मलेच विचारतीन. मले फक्त तो यायला नको.” कित्येक बाया याच कारणाने तक्रार करत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायांपैकी फक्त 14 टक्के बायांनी कुणाची तरी मदत मागितल्याचे आढळले. भाचीला मी एवढेच म्हटले की तो यायला नको म्हणूनच तर भीती हवी, आणि भीती त्याला वाटायला हवी, सध्या ती तुझ्या वाट्याला आली आहे. तिला ते पटले की नाही माहीत नाही. वाढीव शिक्षेची तरतूद करताना पोटगी थांबणार नाही, जमीन किंवा पीक यातून ती वसूल होईल, हेही त्यात लिहिलेले असावे. नाहीतर नवऱ्याला शिक्षा आणि बाईला उपास असे होईल.

गावाबद्दलही थोडे लिहिते. तंटामुक्ती समितीने दोनदा दोघांना बसवून ‘मिटवायचा’ प्रयत्न केला. हेतू वाईट नव्हता, अध्यक्ष सज्जन आहेत. पण ज्याला तिच्याजवळ जायला न्यायालयाने मनाई केली आहे त्याला तिच्यासमोर खुर्चीवर बसवणे म्हणजे आदेश गावाने मिळून मोडणे. हे समितीला कुणी सांगितलेले नाही. पोलीस पाटलांना, आशाताईंना, सरपंचांना हा कायदा कुणी तरी समजावून द्यायला हवा. तालुका पातळीपर्यंत संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली बाईला मदत करणारे अधिकारी, नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये राज्यांना सांगितले आहे. आम्हाला जे अधिकारी भेटले ते चांगले होते, पण त्यांच्याकडे मूळ काम दुसरेच होते आणि हा अतिरिक्त कार्यभार. गावात यायला त्यांना गाडी नव्हती.

कायदा केंद्राचा असला तरी राज्याला त्यात दुरुस्ती सुचवता येते, विधिमंडळाने मंजूर करून राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला त्या तरुण शिक्षिकेला भर रस्त्यात जाळले तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलीसुद्धा मोर्चात होत्या. त्यानंतर डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी बायांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारे शक्ती विधेयक मंजूर केले, पण तो कायदा अमलात आला नाही. त्या वेळी जेवढी घाई होती तेवढी नको, पण नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातल्या एका तरी आमदाराने कलम 31 चा प्रश्न विचारावा. पक्ष कोणताही असो.

भाचीच्या मुख्य अर्जाची पुढची तारीख ऐन वेचणीत आली आहे. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, इथे दुसरा हंगाम लागला. वेचणीची मजुरी किलोवर असते, तारखेचा दिवस म्हणजे शून्य किलो. तरी ती जाणार आहे. मीही सोबत जाणार आहे.

एक विनंती. पत्र छापले तर माझे नाव आणि गावाचे नाव छापू नये. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर आपलेच वर्तमानपत्र येते आणि तो ते रोज वाचतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जि. यवतमाळ